त्याले दगडं तरी भेटले

गेल्या हिवाळ्यात रानडुकरांनी आमच्या गावचा हरभरा असा उलथून टाकला की सकाळी वावरात गेलेला माणूस धुऱ्यावरच मटकन बसायचा. झटका मशीन लावून झालं, तारांना जुन्या साड्या बांधून झाल्या, टिनाचे डबे बडवून झाले. शेवटी वनखात्याची परवानगी काढून दोन-चार डुकरं पाडायची असं पानठेल्यावर ठरलं. पाडणार कोण हे कोणाला विचारावंच लागलं नाही. माझे काका फौजेतून निवृत्त झालेले, पुढे बरीच वर्षं बँकेत गार्ड, त्यामुळे परवान्याची बारा बोर बंदूक घरात होती. संध्याकाळी आठ-दहा जण अंगणात येऊन बसले. काकांनी सगळ्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "जागल करतो मी. रातभर करतो, सगळ्याहीच्या वावराची करतो. गोळी नाही घालत." कोणीतरी म्हणालं, "आमी काय मानूस माराले सांगून रायलो का जी? डुक्करच तं हाय." काका उठून आत गेले आणि मंडळी जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

जागल मात्र त्यांनी खरोखर केली. हरभरा घरात येईपर्यंत, साठी ओलांडलेला माणूस, कानाला मफलर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी, या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर. थंडीत आवाज लांबवर जातो. रात्री जाग आली की त्यांची हाक घरापर्यंत ऐकू यायची, मध्ये थोडा खोकला, पुन्हा हाक. ज्यांची वावरं त्यांनी राखली त्यांच्यातलेच काही पानठेल्यावर म्हणत होते, की डुकराला भिणारा हा कसला फौजी, यानं लढाई तरी पाहिली का. ते माझ्या कानावर आलं आणि मनातून जाईना. राग आलाच. पण रागापेक्षा जास्त सलत होतं ते हे, की गावाला या माणसाबद्दल एवढंच माहीत होतं, आणि घराला तरी कुठं जास्त माहीत होतं?

लहानपणी काका सुट्टीवर यायचे तेव्हा घरात सण असायचा. काळी लोखंडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, आत कॅन्टीनचं साबण, पोरांसाठी बिस्किटं, मोठ्यांसाठी बाटली. पेटी उघडली की डांबरगोळ्या आणि बूटपॉलिशचा मिसळलेला वास यायचा. तेव्हाची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी तिच्यावर बोलत नव्हतं. चुलीवर भाताचा गंज ठेवला आणि पेज उतू जाऊन निखाऱ्यावर पडली, तो चर्र आवाज झाला आणि करपट वाफ उठली, की काका असतील तिथून उठायचे. ताटावरून उठायचे, पाहुण्यांमधून उठायचे. चप्पल न घालता नदीकडे चालू लागायचे. पुढे काकू काका घरी असले की भात करायचीच नाही. पोळी, भाकर, सणाला पुरण. गॅस आला, कुकर आला, तेव्हा कुठे आमच्याकडे रोज भात शिजू लागला. काकूनं कधी कारण विचारलं नसेल असं नाही. पण विचारल्यावर काय होतं हे पाहूनच तिनं हा मार्ग काढला असणार.

ते श्रीलंकेला गेले होते. ऑक्टोबर १९८७ मध्ये आपल्या शांतिसेनेनं तमिळ बंडखोरांकडून जाफना ताब्यात घेतलं त्या लढाईत होते. साडेतीन-चार पिढ्या फौजेत माणसं धाडणाऱ्या आमच्यासारख्या विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांना त्या मोहिमेतलं एक नाव पाठ आहे, ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले. बाकीचं कोणाला फारसं आठवत नाही. जवळपास बाराशे भारतीय जवान तिथं मारले गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा मद्रासला स्वागताच्या कार्यक्रमाला तिथले मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत, कारण तमिळ लोकांवर शस्त्र चालवून आलेल्या सैन्याचं स्वागत त्यांना करायचं नव्हतं. त्या राजकारणात मी पडत नाही. पण जहाजातून उतरणाऱ्या विशी-पंचविशीच्या पोरांना आपण नक्की काय करून आलो हे सांगायला बंदरावर कोणी नव्हतं, ही गोष्ट मला राजकारणापेक्षा मोठी वाटते.

काकांनी मला जे सांगितलं ते फार थोडं आहे. ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, अरुंद गल्ली, दिवस मावळलेला. सोबतचा जोडीदार गळ्यात गोळी लागून त्यांच्या पायाशी पडला. समोर एक घर. त्यांनी आत ग्रेनेड टाकला. धूर बसल्यावर आत गेले तर एक म्हातारी आणि एक पोरगी. हत्यार नाही, कोणी पळून गेल्याची खूण नाही. चुलीवरचं भांडं कलंडलं नव्हतं. भात उतू जात होता. "गोळी त्याच घरातून आलती का बाजूच्या, हे मले आजबी मालूम नाही," काका म्हणाले. "मालूम असतं तं बरं झालं असतं. कसंबी असतं तरी."

या प्रकारच्या दुखण्याला आता डॉक्टर मंडळी नैतिक जखम म्हणतात. मी तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे हा शब्द मला परीक्षेच्या कामाचा म्हणून माहीत होता. लढाईनंतरचा जो आजार आपण ऐकून असतो, फटाका वाजला की दचकणं, झोपेत ओरडणं, तो मुख्यतः भीतीचा. १९८० मध्ये अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत त्याला जागा मिळाली. पण बोस्टनमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे डॉ. जोनाथन शे यांना वेगळंच दिसत होतं. त्यांच्याकडची माणसं मरणाला भिऊन मोडलेली नव्हती. जे बरोबर आहे असं आयुष्यभर मानलं ते ऐन जीवनमरणाच्या वेळी पायदळी गेलं, बहुतेकदा वर बसलेल्या माणसाकडूनच, यानं ती मोडली होती. पुढे २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात आणखी भर घातली. माणसानं स्वतः केलेलं, थांबवता आलं असतं पण थांबवलं नाही ते, आणि नुसतं डोळ्यांनी पाहिलेलं, हे सगळंच ही जखम करू शकतं. लाज, अपराधीपणा, माणसांतून उठून जाणं, स्वतःला चांगलं काही लाभू न देणं ही तिची लक्षणं. ज्याचा विवेक शाबूत आहे त्यालाच ती होते, आणि म्हणूनच तिला निव्वळ आजार म्हणायला मन घेत नाही.

काकांना गोळ्या मिळाल्या होत्या. बँकेत असताना एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात दाखवलं, डॉक्टर भले होते, झोपेच्या आणि उदासीच्या गोळ्या दिल्या. त्यांचा उपयोगही झाला. दारू कमी झाली, अंगावर मांस चढलं. काका म्हणतात, "झोप आली, पन ते नाही गेलं." मला हे वाक्य फार नेमकं वाटतं. भीतीवर जो उपचार चालतो त्यात तीच आठवण पुन्हापुन्हा सांगायला लावतात, सांगता सांगता तिची धार बोथट होते, धोका संपलाय हे शरीराला पटतं. पण दोन माणसं गेली ही काही शरीराची गैरसमजूत नाही. ती शंभर वेळा सांगितली तरी गेलेलीच राहणार. म्हणून या जखमेसाठी वेगळं काही शोधावं लागलं. लिट्झ यांच्या पद्धतीत सैनिकाला डोळे मिटून एका अशा माणसाशी बोलायला सांगतात ज्याच्या शब्दाला त्यानं आयुष्यात मान दिला, आजोबा, गुरुजी, एखादा जुना सुभेदार. त्याला सगळं सांगायचं, आणि मग तो काय म्हणेल तेही स्वतःच बोलायचं. कधी समोरच्या खुर्चीवर मेलेला माणूस बसलाय असं मानून त्याच्याशी बोलायचं असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मानसशास्त्रज्ञ शिरा मॅग्वेन यांनी केवळ ज्यांच्या हातून जीव गेला अशा सैनिकांसाठी उपचार बांधला. त्यात मेलेल्याला पत्र लिहितात, आणि शेवटी उरलेल्या आयुष्यात काय भरपाई करणार, कोणासाठी काय करणार, हे ठरवतात. आणखी एका पद्धतीत त्या दिवसाच्या जबाबदारीची वाटणी होते. गोळी झाडणारा, हुकूम देणारा, युद्ध ठरवणारे, अंधार, पायाशी पडलेला मित्र, ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या पदरात घालायचा. मग जो वाटा स्वतःचा उरतो तो नाकारायचा नसतो. तो हातात घ्यायचा असतो.

आपण नेमकं उलट करतो. काकांनी दारूच्या भरात कधी अर्धं वाक्य टाकलं असेल, तर समोरच्यानं लगेच झाकण घातलं: "हुकूम होता जी, तुमी काय करान?" "देशासाठी केलं तुमी." "जाऊ द्या, इसरून जा." बोलणारे सगळे मायेनं बोलले, याबद्दल मला शंका नाही. पण त्या मायेनं काकांना दर वेळी सांगितलं, की पुढचं बोलू नका, आम्हाला ऐकायचं नाही. माणूस माफी मागायलाही पोचला नसताना त्याला माफ करून टाकणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं आहे. आणि हे आपण फक्त शब्दांनी करत नाही. दर २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणात शाल, श्रीफळ, गुलाबी फेटा, माइकवरून आपल्या गावचे वीर सुपुत्र. मी अनेकदा त्या वेळी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलंय. हार गळ्यात पडताना ते मान वाकवतात आणि कार्यक्रम संपेपर्यंत मान वर करत नाहीत. लोक म्हणतात, किती नम्र माणूस.

यंदाच्या वर्षावासात त्या हाराचा अर्थ मला कळला.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनापर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पावसाची झड, टिनावर थडथड आवाज, लाइट गेली की मेणबत्ती, आणि वाचणाऱ्या आजी चष्मा सांभाळत आवाज चढवतात. त्या दिवशी अंगुलिमालाचं प्रकरण होतं. डाकू अंगुलिमाल, बोटांची माळ, बुद्धाच्या मागे धावतो आणि गाठू शकत नाही, ही गोष्ट आमच्याकडे पोरांनाही येते. वाचन संपल्यावर खीर वाटता वाटता मी पुढचा भाग सांगितला, जो पाली परंपरेत आहे आणि कमी सांगितला जातो. भिक्खू झाल्यावर अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जायचा तेव्हा लोक त्याला दगड मारायचे. एकदा डोकं फुटलेलं, भिक्षापात्र फुटलेलं, चीवर फाटलेलं, असा तो परत आला. बुद्धानं त्याला एवढंच सांगितलं, सहन कर. आणि दुसरी एक गोष्ट. भिक्षेला फिरताना त्यानं अडलेली बाळंतीण पाहिली आणि कळवळला. बुद्ध म्हणाले, जा, तिला सांग की मी जन्मल्यापासून जाणूनबुजून कोणाचा जीव घेतला नाही, या सत्यानं तुझं भलं होवो. अंगुलिमाल म्हणाला, हे तर खोटं होईल. तेव्हा बुद्धांनी सांगितलं, मग असं म्हण, की या नव्या आर्य जन्मात आल्यापासून घेतला नाही. तेवढं सत्य पुरलं, बाळंतीण सुटली. ज्या बेटावर काका लढले त्या श्रीलंकेत बौद्ध घरांमध्ये गरोदर बाईसाठी आजही अंगुलिमालाचं परित्त, म्हणजे रक्षणासाठीचं पाली सूत्र, म्हणतात.

घरी येताना चिखलातून चालत होतो, काका बॅटरी माझ्या पायांपुढे धरत होते. नाल्याच्या पुलावर थांबले. म्हणाले, "त्याले दगडं तरी भेटले, बाई. मले हार भेटले." मग तिथं उभ्याउभ्या त्यांनी ते ताडाच्या झावळ्यांचं, गल्लीचं आणि भाताचं सांगितलं. मी काही बोलले नाही. नाल्याला पूर होता आणि पाण्याचा आवाज मोठा होता, मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागत होता. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दगडं मारनाऱ्याहीचं कोनी आयकलं का पन? ज्याहीचे मेले होते त्याहीचं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कथेतही नाही. नंतर मला अशोकाचा तेरावा शिलालेख आठवला. कलिंगात एक लाख मेले, दीड लाख माणसं देशोधडीला लागली, त्याहून कितीतरी जास्त नंतर मेली आणि देवांना प्रिय राजाला त्याचा पश्चात्ताप आहे, असं तो दगडावर कोरून सांगतो. पार आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीपर्यंत त्यानं हे कोरून घेतलं. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथं, हा लेख नाही. तिथं त्याच्या जागी दुसरे लेख आहेत. जिथली माणसं मेली तिथं राजाचा पश्चात्ताप पोचलाच नाही. त्यामागे राज्यकारभाराची गणितं असतीलही. पण काकांचा प्रश्न त्याच जागेवर बोट ठेवतो. ती म्हातारी आणि ती पोरगी कोणत्या गावची, नावं काय, मागे कोणी उरलं का, हे काकांना कधीच कळणार नाही. सगळ्या उपचारांना या ठिकाणी मर्यादा येते. खुर्चीवर कल्पनेनं बसवलेला मेलेला माणूस अखेर आपल्याच आवाजात बोलतो. मला या उपचारांबद्दल आदर आहे, आणि ही खंतही आहे.

तरी मला सगळ्यात जास्त पटलेला प्रयोग फिलाडेल्फियाचा आहे. तिथं माजी सैनिकांच्या रुग्णालयात धर्मोपदेशक ख्रिस अँटल आणि मानसशास्त्रज्ञ पीटर योमन्स यांनी एक गट चालवला. अँटल स्वतः फौजेतले, अफगाणिस्तानात राहून आलेले, ड्रोन हल्ल्यांच्या धोरणाला विरोध म्हणून २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. गटातले सैनिक काही आठवडे आपसांत बोलतात, आणि शेवटी रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात शहरातल्या साध्या लोकांपुढे उभे राहून आपलं सांगतात. लोक टाळ्या वाजवत नाहीत, क्षमा करत नाहीत. ते सैनिकांभोवती कडं करून उभे राहतात आणि मोठ्यानं म्हणतात, तुम्हाला तिथं आम्ही पाठवलं, यात आमचाही वाटा आहे. हे वाचताना मला आमचं पटांगण दिसत होतं. काकांना श्रीलंकेत मतं देणाऱ्यांनी पाठवलं, कर भरणाऱ्यांनी पाठवलं, माझ्या बापानंही पाठवलं. मग ओझं एकट्यानं का वाहायचं?

आपल्याकडे हे जमणार नाही, लोक हसतील, असं माझ्या कॉलेजातले सहकारी म्हणतात. मला तसं वाटत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, शेतकरी आत्महत्यांच्या काळात. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या दुखण्यावर बोलायचं, असा तो होता. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चार-पाच जण कोणाकडे मदत मागायचे, दीड वर्षात ते सत्तावीसच्या घरात गेले. म्हणजे वऱ्हाडी माणूस बोलत नाही हे खरं नाही. समोर बसून ऐकणारं कोणी असलं की बोलतो. ज्याला गावात बोलायचं नाही त्याच्यासाठी सरकारचा १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फौजी घरांमध्ये हा नंबर कॅन्टीन कार्डाइतकाच माहीत असायला हवा.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीतून पुन्हा निरोप आला, २६ जानेवारीला सत्कार आहे, काकांनी यावं. काकांनी कळवलं, शाल नको, हार नको, फेटा नको. मला बोलायचं आहे, आणि माझं पूर्ण होईपर्यंत कोणी मध्ये बोलू नये. सरपंचबाई घरी आल्या. त्यांना वाटलं काकांना काही तक्रार आहे, रस्त्याची किंवा पाण्याची. काकांनी त्यांना थोडक्यात सांगितलं. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या, मग म्हणाल्या, "पटांगनात नोका बोलू काका. माइकवर अशी गोष्ट चांगली नाही लागत. विहारात बसू, बिनामाइकचं." काकांना ते पटलं. काकूला पटलेलं नाही. तिचं म्हणणं, आज ऐकतील आणि उद्या पानठेल्यावर हेच तोंडात घेऊन हिंडतील. तिची भीती खोटी नाही, डुकरांच्या वेळी आम्ही ते पाहिलंय. मला स्वतःलाही रात्री कधी वाटतं, की हे सुरू करून आपण या म्हाताऱ्या माणसाला उघड्यावर तर आणत नाही? पण ठरवलं काकांनी आहे, आणि इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट आहे.

ऐकायला कोण बसणार यावर अजून एकमत नाही. बचत गटाच्या बाया येणार आहेत. दोन माजी फौजी शेजारच्या गावातून येतो म्हणाले, त्यातल्या एकानं फोनवर बराच वेळ विचारपूस केली, स्वतःला बोलायचं असल्यासारखी. हेडमास्तरांचं म्हणणं, पोरांना आणू नका, गावातली तीन-चार पोरं रोज पहाटे भरतीसाठी धावतात, त्यांचं मन उतरेल. काका म्हणतात, "धावनारे पोट्टे तं पायजेतच." माझंही तेच मत आहे. हेडमास्तरांशी उद्या पुन्हा बोलणार आहे.